धारोष्ण

थंडी पडायला लागली की गल्लीतल्या शेळ्या व्यायला लागत, आणि शेळ्या व्यायला लागल्या की आत्याला स्वतःचं घर उरत नसे. कुणाची अडली, कुणाची पहिलटकरीण घाबरली, कुणाचं करडू पायाळू. कुणीतरी दारात उभं राहून हाक मारायचं आणि आत्या हातातलं काम तसंच टाकून निघायची. ती खरं म्हणजे एकट्या चिमणीची, भावाच्या पोरीची, आत्या. पण चिमणीचं ऐकून ऐकून सगळी गल्लीच तिला आत्या म्हणायला लागली होती, तिच्याहून वीस वर्षांनी थोरला असलेला गिरणीवालासुद्धा.

नवरा गेल्यावर ती भावाकडे परत आली तेव्हा तिच्याबरोबर एक ट्रंक होती आणि एक गाभण शेळी होती. भाऊ, तिचा दादा, सुतारकाम करायचा. त्याची बायको सहा महिन्यांपूर्वीच गेली होती आणि तीन वर्षांची पोर भुश्याच्या ढिगात खेळत असायची. आत्याने आधी ट्रंक ठेवली, मग शेळी बांधली, मग त्या पोरीच्या केसांतला भुसा वेचायला बसली. वीस वर्षं झाली त्याला. त्या एका शेळीच्या सोळा झाल्या, आणि भुश्यातली पोर मोठी होऊन तिला दिवस गेले. चिमणीचा नवरा ट्रकवर होता. महिन्यातले चार दिवस घरी, बाकी रस्त्यावर. म्हणून चिमणी बापाच्याच घरी राहायची आणि आत्याच्याच नजरेखाली असायची.

चिमणीला दुसरा महिना लागला तसा आत्याचा जीव दुधात अडकला. गोठ्यातल्या सगळ्या शेळ्या गाभण, कासा आटलेल्या. पोरीला पेलाभर दूध मिळू नये म्हणजे काय! तिने दोन चांगले बोकड जनावरांच्या बाजारात नेले आणि त्यांच्या बदल्यात एक दुभती शेळी घेऊन आली. तपकिरी रंग, लांब कान, कास अशी की चालताना मांड्यांना लागायची.

“करडू कुठंय हिचं?” आत्याने व्यापाऱ्याला विचारलं होतं.

“जुळी होती. सकाळीच गिऱ्हाइकाने उचलली दोन्ही,” तो म्हणाला, आणि बोकडांच्या दोऱ्या मनगटाला गुंडाळून चालूही लागला.

तेव्हापासून रोज सकाळी आत्या पेला घेऊन त्या शेळीखाली बसायची. चिमणी दाराच्या चौकटीला टेकून उभी असायची, खांद्यावर घोंगडी, डोळे अर्धे मिटलेले. धारा पेल्यात पडायच्या, फेस वर यायचा, आणि पेला तसाच, गरम गरम, चिमणीच्या हातात जायचा.

“आत्या, तापवून दे ना. वास येतो मला.”

“तापवलं की दुधातला जीव जातो. मेलेलं दूध पाजू का तुला? नाक धर आणि पी.”

चिमणी नाक धरून प्यायची आणि ओठावर फेसाची मिशी घेऊन आत जायची. “पूस ती मिशी,” आत्या मागून ओरडायची, “नाहीतर मिशीवाली पोरगी होईल!” आत रंधा मारत बसलेला दादा हसायचा. उरलेला अर्धा पेला त्याचा असे. आत्या स्वतः दुधाला तोंड लावत नसे. तिला लहानपणापासून दूध पचत नव्हतं. तिला काळा चहा लागायचा, कडक.

*

बोडकी पहिल्यांदा गाभडली. बोडकी म्हणजे शिंगं नसलेली, स्वभावाने गरीब, गोठ्यात सगळ्यांचा मार खाणारी. सकाळी आत्या झाडायला गेली तर ती कोपऱ्यात तोंड भिंतीकडे करून उभी होती आणि मागे गवतात करडू पडलं होतं. कोपरापासून बोटांपर्यंत भरेल एवढं. अंगावर नुकतीच लव आलेली, खूर मेणासारखे मऊ. पाच आठवडे आधी आलं होतं ते.

“कुणीतरी धडक दिली असणार हिला,” आत्या म्हणाली. “तरी मी म्हणत होते, हिला वेगळी बांधू.”

वार दुपारपर्यंत पडली नाही. तशी ती अडकली की आत्या हात घालून काढायची, हळूहळू, एकेक धागा सोडवावा तशी. त्या दिवशी वार नेहमीसारखी नव्हती. जाड होती, कातड्यासारखी, वर पिवळट चिकट थर. आत्याने नाक मुरडलं आणि काम संपवलं. चिमणीने बोडकीचं डोकं मांडीत धरलं होतं आणि ती तिच्या कानाशी काहीबाही बोलत होती.

“झालं गं, झालं. रडू नकोस.”

“ती कुठे रडतेय? तूच रडतेयस,” आत्या म्हणाली.

करडू आणि वार तिने परसातल्या उकिरड्यावर टाकली, नेहमी टाकायची तशी. वर चार फावडी शेण ओढलं. गल्लीतल्या कुत्र्याने मागून काय केलं ते कुणी पाहिलं नाही.

चौथ्या दिवशी दुसरी गाभडली. दुसऱ्या आठवड्यात तिसरी, तिच्यामागोमाग चौथी. आता धडक दिली म्हणायची सोय राहिली नाही. आत्याने चारा बदलला, पाण्याची घागर घासली, गोठ्यातलं जुनं गवत काढून नवं अंथरलं. प्रत्येक गाभडलेलीपाशी ती गुडघे टेकून बसायची आणि पोटावर हात ठेवून विचारायची, “काय होतंय गं तुम्हाला? सांगा ना मला.” शेळ्या रवंथ करत तिच्याकडे बघायच्या. थोरली मात्र धडधाकट होती. त्या पहिल्या शेळीची पणती, सगळ्या कळपाची पुढारीण. ती अजून भरली होती, आणि आत्या तिच्याभोवती येता-जाता घुटमळायची.

पाचवीची वार काढून आत्या उठते न उठते तोच कुंभारणीची हाक आली. कुंभारीण समोरच राहायची. वीस वर्षांपूर्वी आत्या ट्रंक घेऊन आली तेव्हा पहिला तांब्या पाण्याचा तिनेच आणून दिला होता.

“अगं ये लवकर! माझी काळी अडलीय. एकच पाय बाहेर आलाय!”

आत्याने बादलीत हात बुचकळले, फडक्याला पुसले आणि रस्ता ओलांडला. तेच हात, तेच कपडे. काळीचं करडू आत मान मुडपून बसलं होतं. आत्याने डोळे मिटले. आत गेल्यावर ती नेहमी डोळे मिटायची. म्हणायची, तिथे बोटांनाच दिसतं. तिने करडाला मागे ढकललं, मान सरळ केली आणि काळीच्या कळेबरोबर बाहेर ओढलं. त्याच्यामागे दुसरं आपोआप आलं. दोन्ही जिवंत. दोन्हींनी कान झटकले आणि कुंभारणीचा जीव भांड्यात पडला.

“तुझ्या हाताला यश आहे बाई,” ती म्हणाली.

“माझ्या गोठ्यात कुठे गेलंय ते यश?” आत्या म्हणाली. पण पंधरा दिवसांत ती पहिल्यांदा हसली होती. येता येता तिने कुंभारणीच्या बाकीच्या चारही शेळ्यांची पोटं चाचपून पाहिली. सगळं ठीक होतं.

त्या महिन्यात ती आणखी चार घरांत गेली. लोहाराकडे, गिरणीवाल्याकडे, शाळेच्या शिपायाकडे आणि कोपऱ्यावरच्या म्हातारीकडे.

*

चिमणीला ताप यायचा. पण तो ताप मोठा लबाड. दिवसा ती ठणठणीत. धुणं धुवायची, बापाच्या लाकडांना कागद घासायची. दिवस कलला की अंग कढत व्हायचं, कंबर मोडून यायची, आणि सकाळी उठायची तर कपडे घामाने चिंब. दादाचेही गुडघे धरले होते. करवत चालवताना मध्येच थांबून तो खांद्याला दाबत बसायचा.

“वय झालं,” तो म्हणायचा.

“आणि माझं काय झालं, बाबा?” चिमणी विचारायची.

“तुझं पोट वाढतंय,” आत्या म्हणायची. “पोटुशीला असं होतंच.” आणि दुसऱ्या दिवशी पेला थोडा अधिक भरायची.

मग सहावी गाभडली, आणि तिच्यामागून थोरली. दोन करडं, एक नर, एक मादी, दोन्ही पूर्ण घडलेली. डोळ्यांच्या पापण्यासुद्धा आल्या होत्या. आत्या गोठ्यातून बाहेर आलीच नाही. शेवटी दादा गेला. ती थोरलीच्या मानेला मिठी मारून बसली होती.

“डॉक्टरला बोलावतो,” दादा म्हणाला.

“वीस वर्षांत माझ्या गोठ्यात डॉक्टर आला नाही.”

“वीस वर्षांत सात शेळ्या गाभडल्या नव्हत्या.”

आत्याने थोरलीच्या मानेची मिठी सोडली.

जनावरांचा डॉक्टर येईल म्हणून वाट पाहत होते, तर आली एक तरणी मुलगी. सर्दी झालेली, सारखी नाक पुसणारी, पायांत दोन मापं मोठे रबरी बूट. गोठ्यात शिरण्याआधी तिने बादलीभर औषधाच्या पाण्यात ते बूट धुतले. आत्याला जरा लागलंच. आपल्या गोठ्यात येताना पाय धुवायचे? घाण आहे का इथे?

डॉक्टरने एकेका शेळीच्या मानेतून रक्त काढलं, नळ्यांवर आकडे लिहिले. आत्याने शेळ्या धरल्या. तपकिरीपाशी आल्यावर डॉक्टर थांबली.

“ही कुठली?”

“बाजारातली. अडीच महिने झाले.”

“करडू?”

“विकलं म्हणाला तो.”

“तुम्ही पाहिलं होतंत का करडू?”

आत्याने मान हलवली. डॉक्टरने नळीवर आकडा लिहिला, आणि तेवढ्या वेळात आत्याला सगळं कळून चुकलं. हिला करडू झालंच नव्हतं. हिचंही असंच पडलं होतं कुठेतरी गवतात, आणि व्यापाऱ्याने ती तिच्या गळ्यात बांधली होती. वीस वर्षं लोकांच्या शेळ्या बघणाऱ्या बाईच्या!

“मला वाटतं हा ब्रुसेला आहे,” डॉक्टर म्हणाली. “जंतू असतो. गाभण जनावराच्या पोटात वाढतो आणि गर्भ पाडतो. वारेत, गर्भाच्या पाण्यात, दुधात, सगळीकडे उतरतो. रक्त तपासून आलं की नक्की कळेल. वारा कुठे टाकल्यात?”

“उकिरड्यावर.”

“काढल्या कुणी? हातमोजे घालून?”

आत्याने आपले हात पुढे केले. जणू तेच उत्तर होतं.

“आणि या हातांनी आणखी कुठे गेलात?”

आत्या बोटांवर मोजायला लागली. कुंभारीण. लोहार. गिरणीवाला. शिपाई. म्हातारी. पाच बोटं झाली आणि तिने मूठ मिटून घेतली.

“दूध तापवून घेता ना?” डॉक्टरने नाक पुसत विचारलं, वहीत बघत, सहज.

चिमणी चौकटीला टेकून उभी होती. डॉक्टरने वर पाहिलं. आधी तिच्या चेहऱ्याकडे, मग पोटाकडे.

“ताप येतो का तुम्हाला?”

“संध्याकाळी.”

“उद्या सकाळी इस्पितळात जा. उद्याच. त्यांना सांगा, शेळ्यांना ब्रुसेलाचा संशय आहे आणि मी कच्चं दूध पीत होते. हे दोन्ही सांगा. मी चिठ्ठी देते.”

“कच्चं म्हणजे,” आत्या म्हणाली, “धारोष्ण. ताकद असते त्यात. तापवलं की जीव जातो.”

“तोच जीव मारायचा असतो, आत्या,” डॉक्टर म्हणाली. तिनेही ‘आत्या’च म्हटलं, गल्लीत शिरताना ऐकलं असावं. रागाने नाही म्हणाली. रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं.

जाताना तिने चुन्याचं पोतं मागवायला सांगितलं, वारा आणि करडं खोल खड्ड्यात पुरायला सांगितली, आणि रबरी हातमोज्यांचा एक खोका ठेवून गेली.

*

“दुसऱ्या कुणी सांगायच्या आधी मीच त्यांना सांगायला हवं,” आत्या दादाला म्हणाली आणि त्याच संध्याकाळी, उजेड होता तोवर, पाचही दारांना गेली.

लोहाराने भाता थांबवून ऐकून घेतलं आणि “बरं” म्हणाला. गिरणीवाल्याला नाव उच्चारता येईना. “बुरसेला? म्हणजे बुरशी लागते होय?” तो हसला, मग आत्याचं तोंड बघून गप्प झाला. शिपायाच्या बायकोने चहा केला होता. ऐकल्यावर तिने तो आत्याला दिला खरा, पण आत्या उठली तेव्हा तो कप तिने दोन बोटांनी उचलून मोरीच्या पलीकडे ठेवलेला आत्याला दिसला. म्हातारीला ऐकू कमी यायचं. तिला तीनदा ओरडून सांगावं लागलं, “माझ्या हातांनी रोग आणलाय!” तिसऱ्या वेळी रस्त्यावरून जाणाऱ्यांनीही ऐकलं.

कुंभारणीकडे ती शेवटी गेली. कुंभारीण अंगणात बसून ओलं मडकं थापत होती. एक हात आत गोटा धरून, एक हात बाहेर थापी घेऊन. आत्याने उभ्या उभ्या सांगितलं. थापीचा आवाज चालूच राहिला.

“तुझ्या कुणी गाभडली का?” आत्याने विचारलं.

“तीन,” कुंभारीण म्हणाली. “परवा दोन, काल एक.”

“मला सांगितलं नाहीस?”

“तुझंच तुला थोडं होतं का? म्हटलं, आणखी ताप कशाला.” तिची थापी थांबली नाही. “म्हणजे तुझ्या हातून आलं.”

“माझ्या हातून.”

कुंभारीण थापत राहिली. एकाच जागी, पुन्हा पुन्हा, माती पातळ होत गेली तरी. शेवटी थापी आरपार गेली. तिने ते मडकं मुठीत दाबून मातीचा गोळा केला, बाजूला टाकला आणि उठून आत गेली. तिने दार लावलं. वीस वर्षांत ते दार आत्याच्या तोंडावर लागलं नव्हतं.

*

इस्पितळात चिमणीचं रक्त घेतलं, दादाचं घेतलं, आत्याचंही घेतलं. गोळ्या दिल्या. आठवड्याने या म्हणाले.

आठवडा भरला नाही. चौथ्या दिवशी दुपारी आत्या परसात खड्डा खणत होती आणि आतून चिमणीने हाक मारली. हाक मोठी नव्हती. आत्याने कुदळ टाकली ती खड्ड्यात पडली.

चिमणी खाटेच्या काठाला धरून वाकली होती. तिच्या पायांशी जमीन ओली होती. आत्याने एका नजरेत ओळखलं. शेकडो वेळा पाहिलं होतं तिने. “दादा! गिरणीवाल्याचा टेम्पो आण!” ती ओरडली आणि चिमणीकडे धावली आणि दोन पावलांवर थांबली.

तिचे हात मातीने भरलेले होते. उकिरड्याशेजारच्या मातीने.

“आत्या, धर ना मला.”

आत्या मोरीकडे पळाली. साबण लावला, खंगाळले, पुन्हा साबण लावला. पाणी मातकट जायचं थांबलं तरी तिला हात स्वच्छ वाटेनात.

“आत्या!”

फळीवर डॉक्टरचा खोका होता. आत्याने त्यातले हातमोजे ओढले, ओल्या बोटांवर ते चढेनात, एक फाटला, दुसरा घेतला. मग तिने येऊन चिमणीला खाटेवर निजवलं, तिचे गुडघे धरले, पाठ धरली. रबरी हात पाठीला लागले तशी चिमणी दचकली. तिने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. मग आत्याकडे.

“आत्या, मी गाभडले ना?”

“तो शब्द जनावरांचा आहे गं. तसं म्हणू नये,” आत्या म्हणाली.

टेम्पो येईपर्यंत सगळं झालं होतं. आत्याने डोळे मिटले नाहीत. पाचव्या महिन्यातलं पोर तिने दोन्ही तळव्यांत घेतलं, दादाच्या धुतलेल्या सदऱ्यात गुंडाळलं, आणि टेम्पोत चिमणीच्या डोक्याशी मांडीवर घेऊन बसली. वाटेत गिरणीवाला एकदाही मागे वळला नाही. मुलगी होती.

इस्पितळातल्या नर्सने कागद भरताना विचारलं, “कच्चं दूध कोण देत होतं?”

“मी,” आत्या म्हणाली.

“नातं?”

नर्सने स्वतःच काहीतरी लिहिलं.

रक्ताचे कागद आले. चिमणीच्या रक्तात जंतू सापडला, दादाच्याही. सहा आठवडे गोळ्या. “त्यामुळेच पोर गेलं का?” दादाने विचारलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, तसं छातीठोक सांगता येत नाही, पण होऊ शकतं, होतं. चिमणी पुन्हा आई होऊ शकेल, हे त्यांनी दोनदा सांगितलं. आत्याच्या रक्तात काहीच नव्हतं. एखाद्याला नाही लागत, डॉक्टर म्हणाले. तेवढे हात आत घालून, तेवढ्या वारा काढून, तिला काहीच झालं नव्हतं. आत्याने तो कागद घडी करून हातात धरला आणि घरी येईपर्यंत त्याचा लगदा झाला.

चिमणीचा नवरा आला. दोन दिवस खाटेशेजारी बसला, काय बोलावं ते त्याला कळेना, म्हणून दाराची कडी दुरुस्त केली, छपराचा पत्रा ठोकला. जाताना म्हणाला, “आत्या, तुमच्यावर माझा राग नाही.” आत्याला वाटलं, याने काही न म्हणता नुसती कडी दुरुस्त करून जायला हवं होतं.

चिमणी मात्र रडली नाही. गोळ्या घ्यायची, समोर आणलं ते खायची, विचारलं की “हो” आणि “नाही” म्हणायची. गोळ्यांनी लघवी लालभडक होते हे आधी कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी ती पांढरीफटक पडून मोरीतून बाहेर आली, आणि आत्याकडे न येता बापाकडे गेली. आत्या तिला विंचरायला बसायची तर ती हळूच फणी काढून घ्यायची. “मी करते.” वाईट बोलायची नाही. एक शब्दसुद्धा नाही. आत्या मनात म्हणायची, एकदा ओरड माझ्यावर. भांडं फेकून मार. रड तरी.

*

शेळ्यांचा निकाल आला. आत्याच्या सतरांपैकी, बाजारातल्या त्या एकीसकट, बारा बाधित. कुंभारणीच्या चार. बाकीच्या तीन घरांत अजून काही नव्हतं, लोहाराकडे एक. बाधित सगळ्या मारून पुरायच्या. दुसरा इलाज नाही. डॉक्टर स्वतः सांगायला आली. या वेळी तिचं नाक वाहत नव्हतं, पण ती पुसतच होती.

“औषध नाही का? माणसाला आहे की,” दादा म्हणाला.

“जनावरात जंतू लपून राहतो. वरून बरी दिसेल आणि पुढच्या वेताला पुन्हा पसरवेल.”

सकाळी गाडी आली. मागचं फळकूट खाली टाकून उतार केला होता, आत गवत पसरलं होतं. तीन माणसं उतरली, हातमोजे घातलेली. आधी ती कुंभारणीकडे गेली. आत्या दारात उभी राहून बघत होती. शेळ्या उतारापाशी येऊन पाय रोवून उभ्या राहिल्या. कान धरून ओढलं तरी हलेनात. काळीने बसकण मारली. तिची दोन करडं अंगणात ओरडत होती आणि ती उतारापाशी. एका माणसाने तिला शेपटीपाशी धरून ढकललं तशी ती घसरली आणि तोंडावर आपटली.

कुंभारीण अंगणात उभी होती, तोंडावर हात दाबून. महिनाभर तिने या बाजूला पाहिलं नव्हतं. आता तिने पाहिलं.

“तू ये,” ती रस्त्यापलीकडून म्हणाली. “तुझ्या मागे येतील त्या. असं ओढू देऊ नकोस.”

आत्या रस्ता ओलांडून गेली. “सोडा,” ती माणसांना म्हणाली. त्यांनी डॉक्टरकडे पाहिलं, डॉक्टरने मान डोलावली. आत्या उतारावरून गाडीत चढली, आत वळून उभी राहिली आणि जिभेने टकटक आवाज केला, पाण्यावर नेताना करायची तसा. काळी उठली. तिने एक पाऊल टाकलं, थांबली, आणि चढली. तिच्यामागे बाकीच्या तीन.

मग गाडी सुताराच्या दारात आली. थोरली सगळ्यांत पुढे होती. तिला बोलवावंही लागलं नाही. आत्याला वर पाहून ती उड्या मारतच चढली आणि तिच्या मांडीला डोकं घासायला लागली. तिच्यामागे बोडकी, आणि एकेक करत बाकीच्या दहा जणी. तपकिरीसुद्धा आली. आत्याला वाटलं होतं, हिला आपण हात लावणार नाही. पण ती गर्दीत बाजूला पडली, तेव्हा आत्याने तिला ओढून पुढे घेतलं.

“आता उतरा, आत्या,” डॉक्टर खालून म्हणाली.

गाडीत पाऊल ठेवायला जागा नव्हती. आत्याने शेळ्यांच्या पाठींवर हात टेकत वाट काढली. ती उतारावर आली तशी थोरली तिच्यामागे निघाली. उतरायला. आत्याने वळून तिच्या कपाळावर तळवा ठेवला आणि तिला मागे ढकललं. पुन्हा आली. पुन्हा ढकललं. तिसऱ्या वेळी माणसाने फळकूट वर घेतलं. फळ्यांच्या फटीतून थोरलीचं नाक बाहेर आलं आणि गाडी वळेपर्यंत तिथेच राहिलं.

धूळ खाली बसली. रस्त्यावर दोघीच उरल्या, आत्या आणि कुंभारीण. राहिलेल्या करडांचं ओरडणं चालूच होतं.

“पोर कशी आहे?” कुंभारणीने विचारलं.

“जेवते. झोपते.”

“बोलते?”

“विचारलं की.”

“रडली?”

आत्याने मान हलवली. कुंभारणीने हाताची सुकलेली माती कपड्यांवर झटकली आणि आत्याला ओलांडून तिच्याच घरात शिरली.

आत्या मागोमाग गेली नाही. ती परसाला वळसा घालून गोठ्यात गेली. राहिलेल्या पाच जणी एका कोपऱ्यात एकमेकींना चिकटून उभ्या होत्या. डॉक्टरच्या माणसाने चुना कालवून ठेवला होता. भिंती, गव्हाण, जमीन, सगळं पोतून घ्यायचं होतं, आजच. आत्याने हातमोजे चढवले, कुंचला बुडवला आणि दाराकडून सुरुवात केली.

गोठ्याची आणि घराची भिंत एकच होती. पलीकडून आधी कुंभारणीचा आवाज आला, मग काहीच नाही, मग पुन्हा तिचाच. शब्द कळत नव्हते. आत्या कुंचला वर-खाली फिरवत होती. मग पलीकडून एक आवाज आला तो तिने आधी ओळखला नाही. तिला वाटलं, कुंभारणीचं करडू रस्ता ओलांडून आलं. तो वाढत गेला, फुटला, आणि मग ती चिमणी आहे हे आत्याला कळलं. तीन वर्षांची असताना रडायची तशी रडत होती, तोंड उघडं टाकून, श्वास न घेता.

“रड,” कुंभारीण म्हणत होती. आता शब्द ऐकू येत होते. “रड गं, इथे डोकं ठेव. रड.”

आत्या कुंचला घेऊन उभी राहिली. चुना मनगटावरून ओघळून हातमोज्यात शिरला आणि कातडीला चावू लागला. दार चार पावलांवर होतं. तिने त्याच्याकडे पाहिलं. मग ती खाली बसली, बादली पुढे ओढली आणि भिंतीचा तळचा भाग, जिथे थोरली अंग घासायची, तो पोतायला लागली. अगदी हळू, कुंचल्याचा आवाज होणार नाही अशा बेताने.